अडथळा येत नाही, तो रचला जातो : ‘ऑब्स्ट्रक्शन’ या शब्दाचा आपल्या बाजूने वाचलेला इतिहास

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले आमचे पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीच्या बाजाराचे गाव. इथे दिवसा शेतात राबून किंवा बाजारात हमाली करून संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसणारी आमची मुले-मुली आहेत. एका संध्याकाळी त्यांनी इंग्रजी शब्दांचे गाईड आमच्यापुढे ठेवले. ऑब्स्टॅकल म्हणजे अडथळा. ऑब्स्ट्रक्शन म्हणजे अडथळा. इम्पेडिमेंट म्हणजे अडथळा. बॅरिअर म्हणजेही अडथळा. एका मुलीने विचारले, “सगळ्यांचा अर्थ एकच असेल तर इतके शब्द कशाला?”

प्रश्न बरोबर होता. आम्ही उत्तर शोधत होतो तेवढ्यात शेजारच्या एका गावातले दोन कार्यकर्ते एक अर्ज घेऊन आले. अर्जात लिहिले होते : ‘आमच्या वस्तीतून दहनभूमीकडे जाणाऱ्या वाटेत अडथळा येत आहे, तरी तो दूर व्हावा ही नम्र विनंती.’ आम्ही विचारले, नेमके काय झाले आहे? झाड पडले? ओढा फुटला? तेव्हा कळले की वाटेवर कोणीतरी नांगर फिरवला होता आणि वर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या होत्या. ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. फक्त अर्जाला ठाऊक नव्हते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या अर्जातच आहे, असे आमचे मत झाले. म्हणून हा लेख.

चार शब्द, चार अर्थ

हे इंग्रजी शब्द मुळात लॅटिन भाषेतून आलेले आहेत. ‘ऑब्स्टॅकल’च्या मुळाशी ‘समोर उभे असणे’ आहे. वाटेत डोंगर उभा आहे, दगड आहे, नदी आहे. तिथे दोष कोणाचा, हा प्रश्न निघत नाही. ‘इम्पेडिमेंट’च्या मुळाशी पाय आहे, पायात काहीतरी अडकवून चाल रोखणे. ‘बॅरिअर’ म्हणजे आडवा घातलेला दांडा. आणि ‘ऑब्स्ट्रक्शन’च्या मुळाशी ‘समोर रचणे’ आहे. ज्या धातूपासून ‘स्ट्रक्चर’ आणि ‘कन्स्ट्रक्शन’ हे शब्द झाले, त्याच धातूपासून ‘ऑब्स्ट्रक्शन’ झाला. रचलेली वस्तू आपोआप रचली जात नाही. तिला रचणारा हात असतो.

रोजच्या इंग्रजीत हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, हे खरे. घशात घास अडकला तरी ऑब्स्ट्रक्शन म्हणतात आणि गटार तुंबले तरी तेच म्हणतात. पण कायद्याच्या भाषेत एखादा माणूस दुसऱ्याला ‘ऑब्स्ट्रक्ट’ करतो असे म्हटले की तिथे कर्ता येतो, त्याचे कृत्य येते आणि ज्याचा हक्क रोखला गेला तो माणूसही येतो.

आपली मराठीही यात गरीब नाही. दाराला आतून लावायचा आडवा दांडा म्हणजे अडसर. तो बॅरिअरच्या जवळचा. कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी ओंडका म्हणजे खोडा. ‘कामात खोडा घातला’ म्हणतो तेव्हा आपण इम्पेडिमेंटच्याच अर्थाने बोलत असतो. आडकाठी म्हणजे आड घातलेली काठी. खोडा घालावा लागतो, अडसर लावावा लागतो, आडकाठी करावी लागते. म्हणजे आपल्या जुन्या शब्दांनाही कर्ता लागतो.

गडबड झाली ती ‘अडथळा’ या शब्दापाशी. त्याला मराठीत दोन क्रियापदे लागतात. ‘अडथळा आणणे’ आणि ‘अडथळा येणे’. पाऊस येतो, ताप येतो, पूर येतो, तसा अडथळाही येतो. ‘येणे’ वापरले की गुन्हेगार वाक्यातून निघून जातो आणि उरते ते फक्त नशीब. त्या अर्जात नेमके हेच झाले होते. आमचे म्हणणे असे की हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. गेल्या शंभर वर्षांचा आपला लढा या दोन क्रियापदांमधला आहे.

‘असमर्थ’ कोण होते?

इंग्रजी राजवटीच्या कागदपत्रांत अस्पृश्यांच्या स्थितीसाठी सर्रास वापरला जाणारा शब्द होता ‘डिसॅबिलिटी’. १८५० च्या एका कायद्याच्या नावातच ‘कास्ट डिसॅबिलिटीज’ असे शब्द आहेत. धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले गेले म्हणून कोणाचा वारसाहक्क जाऊ नये, यासाठी तो कायदा होता. पुढे मुंबई प्रांतात १९४६ साली जो कायदा झाला त्याच्या नावातही ‘सामाजिक डिसॅबिलिटीज’ दूर करण्याची भाषा होती. कायद्यात या शब्दाचा अर्थ हक्क बजावता न येण्याची स्थिती असा आहे. पण ऐकणाऱ्याला वाटते की उणीव त्या माणसातच आहे.

आता महाड आठवा. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे मोकळे झाले. तरीही तीन वर्षे आपला माणूस तिथे ओंजळ भरू शकला नाही. त्याचे पाय तळ्यापर्यंत चालू शकत होते. त्याचे हात पाणी उचलू शकत होते. तहानही होती. मग असमर्थता कुठे होती? ती त्याच्यात नव्हतीच. वाटेत रचलेले काहीतरी होते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी घेतले, आणि जे रचलेले होते ते उघडे पडले. परिषदेहून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा स्पृश्यांच्या बाजूने दिवाणी दावा दाखल झाला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. लाठीचा अडथळा, शुद्धीकरणाचा अडथळा, ठरावाचा अडथळा आणि शेवटी कोर्टाच्या कागदाचा अडथळा, असे नऊ महिन्यांत चार थर एकावर एक रचले गेले. यातला एकही आकाशातून पडला नव्हता. प्रत्येक थराला रचणारे लोक होते, सह्या होत्या, तारखा होत्या.

बाबासाहेबांनी काय केले? २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, म्हणजे जिथून हा नकाशा आला त्या मुळावर घाव घातला. मनाई हुकूम मात्र मोडला नाही. तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. तो दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची रूढी आहे, असा प्रतिवाद्यांच्या विरुद्ध दावा होता; तो सिद्ध झाला नाही. ‘पूर्वीपासून असेच आहे’ हे वाक्य कोर्टात उभे राहिले नाही. म्हणजे ज्याला लोक डोंगरासारखा ऑब्स्टॅकल समजत होते, ते माणसांनी रचलेले ऑब्स्ट्रक्शन निघाले.

नदी आणि बंदी

आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यातच होता. म्हणून औरंगाबादेकडच्या दोन घटना आम्ही आमच्या घरच्या घटना मानतो.

पहिली १९३४ ची. बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी एक लहान हौद होता. प्रवासात धुळीने माखलेल्या काहींनी तिथे हातपाय धुतले. पाणी बाटवले म्हणून एक वृद्ध मुसलमान ओरडला, गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठल्या पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत एक हत्यारी शिपाई देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यातून एक गोष्ट शिकायची. जातीचा अडथळा एका धर्मात रचला गेला, पण तो इतरांनीही उचलून आपल्या दारात ठेवला. आणि त्याला पहारा लागतो. पाण्याला शिपाई लागत नाही. शिपाई लागतो तो माणसाला पाण्यापासून रोखण्यासाठी.

दुसरी घटना मक्रणपूरची. निजाम सरकारने आपल्या हद्दीत बाबासाहेबांच्या भाषणाला बंदी घातली होती. तेव्हा भाऊसाहेब मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कन्नडजवळ, इंग्रजी हद्दीत येणाऱ्या मक्रणपूरला परिषद भरवली. तारीख होती ३० डिसेंबर १९३८. शिवना नदी ही तिथली सरहद्द. मराठवाड्यातले लोक नदीपलीकडे गेले आणि त्यांनी बाबासाहेबांना ऐकले.

त्या मुलीला आम्ही हेच उदाहरण दिले. शिवना नदी हा ऑब्स्टॅकल. ती ओलांडता येते. भाषणबंदी हे ऑब्स्ट्रक्शन. ती कोणीतरी हुकूम काढून घातली होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हा फरक शब्दकोश न उघडता कळला होता. ते नदीवर रागावले नाहीत. त्यांनी हुकूम काढणाऱ्याला ओळखले.

‘लादणे’ या क्रियापदाची ताकद

१९३० मध्ये स्टार्ट समितीने मुंबई सरकारला अहवाल दिला. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क बजावायचा प्रयत्न केला की गावातले लोक बहिष्काराचे हत्यार कसे उपसतात, हे तिथे नोंदलेले आहे : कसायला दिलेली जमीन काढून घेणे, काम बंद करणे, नेहमीच्या वाटेने जाऊ न देणे, वाण्याने सामान न देणे. बहिष्कारात कोणी हात उचलत नाही, तरीही चारही बाजूंनी माणूस कोंडला जातो.

म्हणूनच गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जी संरक्षणाची योजना मांडली, तिच्यात बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा असे कलम होते. त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आणि अमेरिकेतल्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला होता. नुसता ‘हक्क आहे’ असे लिहून भागत नाही, तो रोखणाऱ्याला शिक्षा हवी, हा महाडचा धडा लंडनपर्यंत गेला.

मग संविधान आले. आपण सगळे कलम १७ तोंडपाठ म्हणतो, पण त्यातले एक क्रियापद नीट वाचत नाही. अस्पृश्यता नष्ट झाली, एवढेच म्हणून ते थांबत नाही. अस्पृश्यतेतून उद्भवणारी निःसमर्थता ‘लादणे’ हा गुन्हा आहे, असे ते सांगते. जुना ‘डिसॅबिलिटी’ शब्द तिथेही आहे. पण ‘लादणे’ शेजारी येऊन बसले आणि त्या शब्दाचे तोंडच फिरले. आता बोट आपल्याकडे नाही, लादणाऱ्याकडे आहे. शिवाय हे कलम फक्त सरकारला बांधत नाही, गावातल्या खासगी माणसालाही बांधते. कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावे आहेत. ही यादी कोणा पंडिताच्या कल्पनेतून आलेली नाही. जिथे जिथे आपल्याला रोखले, तिथली ती नोंद आहे.

पुढच्या कायद्यांत ‘ऑब्स्ट्रक्शन’ हा शब्द स्पष्टपणे आला. अस्पृश्यता गुन्हे कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला. १९७६ साली तो अधिक कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने पुढे आला. अस्पृश्यता नष्ट झाल्यामुळे मिळालेला हक्क बजावताना कोणाला अडथळा करणे, किंवा तसा प्रयत्न करणे, हाही तिथे गुन्हा आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा २०१५ मध्ये दुरुस्त झाला आणि ती दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यात रोखण्याची यादी अजून लांब झाली : नदी, विहीर, नळ, रस्ता, दफनभूमी, दहनभूमी, सायकल किंवा मोटारसायकल चालवणे, पायात चपला घालणे, नवे कपडे घालणे, लग्नाची वरात काढणे, घोड्यावर बसणे, मंदिर, दुकान, धंदा. एकविसाव्या शतकात देशाच्या संसदेला चपला आणि नव्या कपड्यांचा उल्लेख कायद्यात करावा लागला. जात कुठे राहिली आहे, असे विचारणाऱ्याला ही यादी वाचायला द्या.

तोच शब्द आपल्यावर

या शब्दाचा दुसरा वापरही ओळखून घ्या. ‘सरकारी कामात अडथळा’ हे शब्द चळवळीतल्या प्रत्येकाने ऐकलेले आहेत. जुन्या दंडविधानातली ३५३ आणि १८६ ही कलमे आता भारतीय न्याय संहितेत १३२ आणि २२१ या क्रमांकांनी आहेत. सार्वजनिक रस्त्यावरच्या अडथळ्याचे कलम २८३ होते, ते आता २८५ आहे. दहनभूमीची वाट मिळावी म्हणून लोक रस्त्यावर बसले की हीच कलमे पुढे येतात. वाट अडवणारा घरी बसतो आणि वाट मागणारा ‘अडथळा आणणारा’ ठरतो.

गंमत अशी की आपण अर्ज करतो तेव्हा अडथळा ‘येतो’, आणि आपल्यावर गुन्हा दाखल होतो तेव्हा अडथळा ‘आणला’ जातो. त्यांच्या कागदावर आपले नाव, बापाचे नाव, वय, धंदा, पत्ता सगळे असते. आपल्या कागदावर त्यांचे नाव नसते. मराठीतली दोन क्रियापदे कोणाच्या वाट्याला कोणते येते, यातच गावाची सत्ता दिसते.

काही मित्र म्हणतील, नावे लिहिली की गावाची शांतता बिघडते. आम्ही विचारतो, वाटेवर काट्या टाकल्या त्या दिवशी शांतता कोणी बिघडवली? प्रेत खांद्यावर घेऊन लोक बांधावर ताटकळले, ती कोणाची शांतता होती? आणखी काही मित्र बाबासाहेबांचाच हवाला देतात की जात ही विटांची भिंत नाही, ती मनातली धारणा आहे, मग तक्रारी करून काय होणार? १९३६ मध्ये बाबासाहेबांनी तसे मांडले, हे खरे. पण ती धारणा शास्त्रांनी पढवलेली आहे आणि त्या शास्त्रांच्या अधिकारालाच हात घाला, असेही त्यांनी त्याच ठिकाणी सांगितले. मनातली धारणाच हाताला काट्या टाकायला लावते. मन बदलण्याचे काम लांबचे आहे. तोवर काट्या उचलाव्याच लागतील, आणि त्या कोणी टाकल्या हे सांगावेच लागेल.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे पाळू. प्रत्येक अडचणीला ऑब्स्ट्रक्शन म्हणू नका. ओढ्याला पूर आला तर तो पूरच आहे. पण गावातल्या बाकी ओढ्यांवर पूल झाले आणि फक्त आपल्या वस्तीकडचा वर्षानुवर्षे राहून गेला, तर तिथे कोणीतरी निर्णय घेतलेला असतो. तो निर्णय कोणत्या ग्रामसभेत झाला, कोणत्या आराखड्यातून पूल वगळला, हे कागद मागवून शोधा. आरोप खरा असेल तरच तो टिकतो. महाडचा दावा दहा वर्षे टिकला तो पुराव्यावर.

मग अर्ज कसा लिहायचा?

त्या रात्री आम्ही सगळ्यांनी मिळून तो अर्ज पुन्हा लिहिला. मुलीच्या हातात पेन होते. ‘अडथळा येत आहे’ हे वाक्य तिने खोडले आणि पाच प्रश्नांची उत्तरे मांडली. कोणी अडवले? काय करून अडवले? केव्हा? कोणाचा कोणता हक्क रोखला गेला? आणि कोणी पाहिले? वाटेचे फोटो जोडले, गावनकाशा जोडला.

शेतरस्ता किंवा वहिवाटीची वाट अडवली असेल तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. त्याला सहा महिन्यांची मुदत आहे; ‘बघू, सांगू’ करत ती घालवू नका. वाट जातीमुळे अडवली असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. ती घेण्यात एखाद्या लोकसेवकाने जाणूनबुजून कसूर केली तर त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये त्यालाही शिक्षा आहे. म्हणजे अडथळा दूर करायला बसवलेलाच अडथळा झाला, तर कायदा त्यालाही ओळखतो.

शेवटी पुन्हा शब्दाकडे येऊ. ऑब्स्ट्रक्शन आणि कन्स्ट्रक्शन यांचे मूळ एकच, हे आम्ही वर सांगितले. बाबासाहेबांनी या दोन्ही शब्दांचे काम केले. समोर रचलेले पाडले आणि त्याच भूमीत नवे रचले. ज्या मराठवाड्यात त्यांच्या भाषणाला बंदी होती, तिथेच औरंगाबादला १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, जे आपण मिलिंद म्हणून ओळखतो. खेड्यापाड्यातली आपली पहिली पदवीधर पिढी त्या दारातून बाहेर पडली. पुढे विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मंजूर झाला, आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळली, माणसे मारली गेली. ते अडथळेही कोणी वरून पाठवले नव्हते. ते रचले गेले, आणि आपल्या माणसांनी ते प्राण देऊन हटवले.

म्हणून अभ्यासाला बसणाऱ्या आमच्या भावा-बहिणींनो, गाईडमध्ये ‘ऑब्स्ट्रक्शन’पुढे ‘अडथळा’ असे छापलेले असेल तर परीक्षेत तेच लिहा, गुण मिळतील. पण वहीत त्याच्या शेजारी एक प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवा : कोणी आणला?

जयभीम! जय संविधान!